मातीची वात

माणसाचं खरं चारित्र्य त्याच्या सायकलच्या टायरमध्ये किती हवा आहे यावरून कळतं. हे वाक्य माझं नाही, भुजंगरावांचं आहे, आणि ते त्यांनी माझ्यासमोर निदान पन्नास वेळा, दर वेळी नुकतंच सुचल्यासारखं उच्चारलं आहे. ऐकणारा नवीन असेल तर तो आपल्या टायरकडे चोरून पाही. जुना असेल तर भुजंगरावांच्या वाहनाकडे पाही. ती स्कूटी होती.

भुजंगराव सायकल चालवत नसत. येत होती, पण चालवत नसत. कोणी छेडलंच तर म्हणत, "परीक्षेला पोरं बसतात. मास्तर बसत न्हाई."

तसे ते मास्तरही नव्हते. मातीपरीक्षणाच्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते परिचर होते. शेतकऱ्यांनी पिशवीतून आणलेली माती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि चिठ्ठी लावून साहेबांच्या टेबलावर ठेवायची, हे त्यांचं उभ्या नोकरीचं काम. साहेब बदलत राहिले, भुजंगराव तिथेच राहिले. त्यामुळे साहेबांना यंत्रातून दुपारी जे कळे ते यांना सकाळीच बोटांतून कळलेलं असे. निवृत्त झाल्यावर त्यांनी झरीच्या घरावर पाटी लावली. वर नाव, खाली 'मृदातज्ज्ञ'. नवा पोस्टमन काही दिवस ते त्यांचं आडनाव समजत होता. आत ओसरीवर खिळ्यांना कापडी पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीवर गावाचं नाव. आल्यागेल्याला ते पिशव्या दाखवत, लोक फोटोंचा अल्बम दाखवतात तशा.

ग्रॅव्हल रेस म्हणजे डांबर सोडून मुद्दाम खराब रस्त्याने सायकली पळवण्याची शर्यत. ही कल्पना परदेशातली. परभणी जिल्ह्यात शर्यत नवीन असली तरी रस्त्यांची तयारी फार वर्षांपासून चालू होती. आमच्या सायकलवाल्यांच्या गटाने झरी ते गंगाखेड अशी शर्यत सुरू केली. पांदणीतून, कालव्याच्या कडेने, मुरमावरून आणि शेवटी उसाच्या पट्ट्यातल्या काळ्या रानातून. मी त्या गटात होतो तो डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं म्हणून. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. शर्यतीत माझं काम पत्रकं लिहिणं, प्रमाणपत्रांवरचं शुद्धलेखन तपासणं आणि मागे राहणं.

पहिल्याच वर्षी सगळ्यांना एक प्रश्न पडला. टायर कोणता लावायचा? रुंद आणि दातेरी लावला तर मुरमावर सायकल घसरत नाही. पण चिखलात तोच टायर माती उचलतो, आणि आमची काळी माती एकदा चाकाला लागली की चाक आणि दांडीमधली फट भरून चाक जागच्या जागी थांबतं. अरुंद, गुळगुळीत टायर चिखलातून सुटून निघतो, पण खडीवर हाडं खिळखिळी करतो. लोकांनी इंटरनेटवर शोधलं. तिथे झरीच्या मातीबद्दल काही नव्हतं. मग कोणीतरी भुजंगरावांचं नाव सांगितलं.

त्यांची पद्धत अशी. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसायचं, स्कूटीच्या किल्लीने चार बोटं खोल उकरायचं, चिमूटभर माती तळहातावर घ्यायची आणि समईची वात वळतात तशी तिची वात वळायची. वळताना तुटली तर माती भुरभुरीत, मग चाळीस मिलिमीटरचा दातेरी टायर. बोटभर लांब होऊनही तुटली नाही तर माती चिकण आणि आत ओल, मग पस्तीसचा गुळगुळीत. "वात तुटली, दाते. वात लांबली, गुळगुळीत." एवढंच शास्त्र. मग खिशातली दस्ती काढून हात पुसत ते आकडा सांगत. त्यावर अपील नसे.

"वरची माती बघायचीच न्हाई," ते म्हणत. "वरची माती पाव्हण्यारावळ्यांसाठी असती."

आमच्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी बाहेरून महागाचे टायर मागवले होते. त्यांवर बोटभर उंचीचे दाते. डॉक्टर ते सगळ्यांना दाखवत होते आणि भुजंगराव बराच वेळ बघत होते.

"कुठला म्हणलात?"

"इटलीचा."

"मंग तिकडंच फिरवा. इथं काळं रान हाय."

डॉक्टर हसले आणि गेले. तासाभराने सायकल खांद्यावर घेऊन परतले. चाकं इतकी भरली होती की टायर कुठला ते ओळखू येत नव्हतं. भुजंगराव चहा पीत होते. म्हणाले, "डॉक्टर, दात काढायची मशीन हाय ना तुमच्याकडं? ह्याचे बी काढा." तेव्हापासून जिल्ह्यात त्यांना विचारल्याशिवाय कोणी टायर बदलेना. मला एकूणच अधिकारवाणीचा संशय येतो. पण या माणसाच्या बाबतीत मी तो बाजूला ठेवला, कारण ही वाणी दर वेळी खरी ठरत होती आणि ती पुस्तकातून आलेली नव्हती. पुस्तकातून काय काय येतं हे मला माहीत आहे.

शोभाताई झरीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका. शाळेच्या वेळेला एसटी येईना म्हणून त्यांनी सायकल घेतली, आणि मग एसटी वेळेवर यायला लागली तरी त्यांनी सायकल सोडली नाही. पांदणीतून त्या अशा जात की उसातले लोक कामं थांबवून बघत. भुजंगरावांनी त्यांना एकदा पाहिलं आणि स्कूटी मागे घातली. दोन किलोमीटरवर गाठून पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाई, मागच्यात हवा जास्ती हाय. एवढ्या हट्टाचं कामून चालवायलात?"

तिथून पुढे त्या त्यांच्या शिष्या. रविवारी सकाळी दोघं रस्ते बघायला निघत, सायकल पुढे, स्कूटी मागे. त्यांनी शोभाताईंना हवेचं माप बघायचं यंत्र घेऊ दिलं नाही. अंगठ्याने टायर दाबायला शिकवलं. शर्यतीच्या सकाळी ते स्वतः येत, दोन्ही टायर दाबत, थोडी हवा सोडत आणि म्हणत, "बास. आता माती काय म्हणती ते ऐका." शर्यत संपल्यावर अभिनंदन वगैरे नाही. फक्त, "काय म्हणली माती?" शोभाताई मग पाऊण तास सांगत आणि ते मान खाली घालून ऐकत. भुजंगरावांचा मुलगा पुण्याला होता. तो फोनवर एवढं बोलत असेल असं वाटत नाही.

शोभाताईंना एकदा पहिलं यायचं होतं. त्यांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. "सर, पाचवीपासून डीएडपर्यंत दुसरी आले, सासरी आले तर दुसरी सून. एकदा पहिली येऊन बघायचंय." त्यात घाई होती. शर्यतीत महिलांचा मुख्य गट चाळिशीपर्यंतचा. त्यापुढे ज्येष्ठ गट, आणि त्यात क्रमांक नसतात, भाग घेणाऱ्या प्रत्येकीला हार आणि फळांची परडी असते. शोभाताई एकोणचाळीस वर्षांच्या असताना दुसऱ्या आल्या. पहिली आली ती गंगाखेडची प्रणिता, साखर कारखान्याच्या ऑफिसातली. म्हणजे शोभाताईंच्या हातात एकच शर्यत उरली होती.

दुसरा क्रमांक आला तरी आमच्याकडे सत्कार होतो. तिसरा आला असता तरी झाला असता. शोभाताईंच्या शाळेच्या मैदानात मंडप, स्टेजवर नऊ खुर्च्या, आणि त्यांवर बसण्याच्या लायकीचे चौदा जण. शोभाताईंचं उत्तराचं भाषण मी लिहिलं होतं. शेवटी आभारांची यादी. यादी लांबत चालली होती आणि हेडसर म्हणाले होते की एका पानात बसवा. ऐन वेळी त्यांनी मंडपवाल्याचं नाव घालायला सांगितलं. त्याने मंडप फुकट दिला होता. मी यादीवरून नजर फिरवली आणि भुजंगरावांचं नाव खोडून तिथे मंडपवाल्याचं लिहिलं.

शोभाताईंनी कागद वाचून विचारलं, "आन् काकांचं?"

मी म्हणालो, "घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात. त्यांना परकं केल्यासारखं होतं."

हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि म्हणताना आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटतं. त्यांनाही पटलं.

भुजंगराव दुसऱ्या रांगेत बसले होते. नवा पांढरा सदरा घातला होता. आभार सुरू झाले तसा त्यांनी चष्मा काढला, दस्तीने पुसला आणि खुर्चीच्या कडेला सरकून बसले. नाव घेतलं की उठून नमस्कार करावा लागतो, त्या तयारीत. बारा नावं झाली. बारावा मंडपवाला. त्याने उठून चारी दिशांना नमस्कार केला. मग टाळ्या झाल्या. भुजंगरावांनी चष्मा परत लावला. नंतर त्यांनी चिवडा खाल्ला, चहा घेतला आणि मला म्हणाले, "मंडप चांगला होता."

पुढचं वर्षभर काहीच बदललं नाही. रविवारी सकाळी सायकल पुढे, स्कूटी मागे. टायर दाबणं, हवा सोडणं, माती काय म्हणाली हे विचारणं. शोभाताई आधीपेक्षा वेगाने चालवत होत्या. मुरमावर त्यांना गाठणारं कोणी उरलं नव्हतं. प्रश्न फक्त शेवटच्या तीन किलोमीटरचा होता, उसाच्या पट्ट्यातल्या काळ्या रानाचा.

शर्यतीच्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडून गेला. दोन दिवस आधी आम्ही तिघं तो पट्टा बघायला गेलो. वरून रस्ता वाळलेला दिसत होता. भुजंगराव आमच्याकडे पाठ करून बसले. आधी ते कधी पाठ करून बसत नसत. शिकवायची हौस होती, हात दिसेल असे बसत. किल्लीने उकरलं, वात वळली, उठले, दस्तीला हात पुसले.

"चाळीस. दातेरी."

शोभाताई म्हणाल्या, "काका, सोमवारी एवढा पडला तरी चाळीस?"

"शोभाबाई, माती तुमी चाळली का मी?"

त्या हसल्या. "तुम्ही."

"मंग."

ते स्कूटीकडे गेले. जिथे बसले होते तिथे खाली वात पडली होती. ती बोटभर लांब होती, काळी, आणि कुठेही तुटलेली नव्हती. मी ती पाहिली. नियम मला पाठ होता. पण मला वाटलं, आपण ग्रंथपाल, यात काहीतरी बारकावा असणार. दुसऱ्यांच्या मोठेपणाची मी आयुष्यभर टिंगल करत आलो, आणि त्या सकाळी बोटभर मातीसमोर गप्प बसलो.

शर्यतीच्या दिवशी भुजंगराव नेहमीसारखे आले, अंगठ्याने टायर दाबले, हवा सोडली. "बास," म्हणाले. पुढचं वाक्य म्हणाले नाहीत.

कालव्याच्या पुलावर शोभाताई सगळ्यांच्या पुढे होत्या. मी मागून मोटरसायकलवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चाललो होतो, म्हणून हे पाहिलं. मुरमावर त्यांचा आणि प्रणिताचा फरक वाढतच गेला. उसाच्या पट्ट्यात शिरल्यावर शंभरेक पावलांत पुढचं चाक थांबलं. त्यांनी उतरून तुराटीने माती खरवडली, चढल्या, वीस पावलं गेल्या, परत थांबलं. मग चपटा दगड घेतला, मग नुसते हात. चाकं दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी सायकल खांद्यावर घेतली. सायकलच्या वजनात निम्मी माती होती. ऊस तोडणाऱ्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

एक म्हणाली, "अगं माय, सायकलीवर बसायचं असतं का सायकलीनं बाईवर?"

शोभाताई म्हणाल्या, "आज तिचा दिवस हाय, मावशी."

तेवढ्यात प्रणिता गेली. शेजारून, बसलेली, दोन्ही चाकं फिरत होती. पस्तीसचे गुळगुळीत टायर.

शोभाताई अकराव्या आल्या. शेवटच्या रेषेवर त्यांनी सायकल खाली ठेवली आणि बराच वेळ हातांवरची माती काढत राहिल्या. प्रणिता त्यांच्याकडे आली, चांगली मुलगी, पाण्याची बाटली घेऊन.

"ताई, तुम्ही चाळीस लावले? मला वाटलं तुम्हालाबी काकांनी पस्तीसच सांगितले असतील."

"कोणत्या काकांनी?"

"भुजंगकाकांनी. त्यांनीच परवा फोन केला होता. मी तर त्यांना कधी भेटलेबी न्हाई."

शोभाताईंनी बाटली घेतली, पाणी प्यायल्या आणि तिचं अभिनंदन केलं. मी आजूबाजूला पाहिलं. स्कूटी गेलेली होती.

मी दुसऱ्या दिवशी झरीला गेलो. भुजंगराव ओसरीवर बसले होते. मी येणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण दुसरी खुर्ची बाहेर काढलेली होती.

"माती खोटं बोलत न्हाई, ग्रंथपाल," ते म्हणाले.

"मग?"

"मी बोललो."

ते पिशव्यांकडे बघत होते.

"बारा जणांचे आभार मानले बाईनं. मंडपवाल्याचे बी. मंडपवाल्यानं टायर दिला होता का तिला? रविवारी मंडपवाला यायचा का?" आवाज चढला नव्हता. "तवा वाटलं, इसरली असंल. माणूस इसरतं. वरीसभर वाट बघितली. एकदा बी म्हणली न्हाई, काका, तुमचं नाव राहिलं."

"म्हणून शोभाताईंची शर्यत घालवली?"

"सकाळी टायर दाबताना बी वाटलं, सांगून टाकावं. पस्तीसची जोडी घडी करून डिक्कीत होती माझ्या. आणलीच होती." त्यांनी दस्तीने हात पुसले. "मग ती म्हणली, काका, लवकर करा, फोटोवाला आलाय."

त्या क्षणी सांगायला हवं होतं की यादी माझी होती, नाव मी खोडलं होतं, आणि शोभाताईंनी त्याबद्दल विचारलं होतं. चार वाक्यांचं काम होतं. मी चहा घेतला आणि परतलो. फसवणुकीबद्दल जाब विचारायला गेलेल्या माणसाने स्वतः काहीतरी लपवून परत यावं, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर लेखकाला नावं ठेवली असती.

शोभाताई नंतर त्यांच्याकडे गेल्या नाहीत. शाळेच्या रस्त्यावर स्कूटी दिसली तर सायकल पांदणीत वळवत. मला एवढंच म्हणाल्या, "सर, प्रणिता त्यांची कोणी लागत असती तर समजलं असतं. आपल्यालाच फसवायचं होतं, तर शिकवलं कशाला?" त्यांना याचं उत्तर कोणीच दिलं नाही. ज्या दोघांना ते माहीत होतं त्यातला एक मी.

भुजंगरावांना शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यात. मुलाने पुण्याला बोलावलं होतं आणि घर बंद करायचं चाललं होतं. ते अंगणातल्या लिंबाखाली उभे राहून पिशव्या एकेक करून रिकाम्या करत होते. नाव वाचायचं, पिशवी उलटी करायची, झटकायची, घडी घालायची. साऱ्या जिल्ह्याची माती एका झाडाच्या बुडाशी पडत होती.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यादी, एक पान, हेडसर, खोडाखोड. ते पिशवी हातात धरून ऐकत राहिले.

"बाईनं इचारलं व्हतं?"

"हो. मी म्हणालो, घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात."

"घरचा माणूस म्हणलात?"

"हो."

त्यांनी पिशवी रिकामी केली. खूप वेळ झटकत राहिले, तिच्यात काही उरलं नव्हतं तरी.

"आन् मंडपवाला?"

"तो बाहेरचा."

त्यांनी मान हलवली, प्रयोगशाळेत एखाद्या मातीचा आकडा बघून हलवत असतील तशी.

"मी शोभाताईंना सांगतो आज," मी म्हणालो.

"न्हाई." ते पहिल्यांदाच जोरात बोलले. "सांगायचं न्हाई. आता ती मला दगाबाज म्हणती. म्हणू द्या, त्यात काही तरी वजन हाय. म्हातारा रुसला म्हणून असं केलं, हे कळलं तर हसंल ती. आन् हसली की माफ करंल. ते नको."

मग त्यांनी पुढची पिशवी घेतली. ती गंगाखेडची होती. ती उलटी करण्याआधी त्यांनी आत हात घातला, चिमूट काढली, आणि सवयीने तळहातावर वळायला लागले. माती फार वर्षांची कोरडी. वात झालीच नाही. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते वळत होते.

मी शोभाताईंना सांगितलं नाही. म्हणाल तर भुजंगरावांचा शब्द पाळला, आणि म्हणाल तर माझीही सोय झाली. पुढच्या वर्षी शोभाताईंनी चाळिशी ओलांडली. ज्येष्ठ गटात त्यांनी नाव दिलं नाही. सायकल शाळेपुरती ठेवली आणि तिला साधे टायर लावले. चाळीसचे दातेरी टायर मात्र एका रविवारी माझ्या घरी घेऊन आल्या.

"सर, हे तुम्ही घ्या. घरात बघवत न्हाईत, आन् कोणा भलत्याला द्यायचं मन होत न्हाई. सगळ्यात विश्वासाचा माणूस तुम्ही."

टायर जवळजवळ नवेच होते. ते आता माझ्या सायकलला आहेत. मी कच्च्या रस्त्याने जात नाही. डांबरावर ते फार आवाज करतात.